सुटलेला माणूस पळालेला नसतो



या अंकाच्या पहिल्या पानावर प्लॉटच्या दाव्यांबद्दल लिहायचे ठरले होते. ते आता तिसऱ्या पानावर घेतले आहे. पहिल्या पानावर ही गोष्ट आली, कारण ती लिहिल्याशिवाय मला पुढचे काही लिहिता येईना. गोष्ट माझ्या चुकीची आहे. कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी ती सांगितली. बैठकीचे म्हणणे पडले की सगळ्या पाड्यांना कळू दे, आणि नुसती माफी नको, पुढचा नियम पण ठरू दे.

आपल्या संघटनेच्या खोलीत एक लांब वही आहे. आपल्यापैकी जेलमध्ये कोण आहे, कोण कधी सुटला, कोर्टाची तारीख कधी, जामीन कोण राहिला, कोणाचा सातबारा लावला, सुटलेला माणूस आता कुठे कामाला गेलाय, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. ही वही का ठेवावी लागली ते जुन्या साथींना माहीत आहे. जंगल प्लॉटला सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून जामीन मिळत नाही, आणि साध्या केसमध्ये पण आपला माणूस ठाण्याच्या जेलात महिनोन् महिने बसून राहतो. म्हणून ज्यांच्याकडे थोडी मालकीची जमीन आहे त्यांची नावे लिहून ठेवायची, आळीपाळीने त्यांना जामीन उभे करायचे, तारीख चुकू द्यायची नाही. तारीख चुकली की वॉरंट निघते आणि जामीनदाराच्या गळ्याला फास बसतो.

१९७८ साली सुप्रीम कोर्टात मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याची केस गेली होती. तो मध्य प्रदेशातला. खालच्या कोर्टाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवले आणि त्याला स्वतःच्या हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. निकालाला कितीतरी वर्षे झाली, पण आपल्याकडे अजून पहिला प्रश्न "सातबारा आहे का?" हाच असतो. त्यात ३ मे २००२ ला दिल्लीच्या वन मंत्रालयाचे पत्र निघाले की ३० सप्टेंबरपर्यंत जंगलातली अतिक्रमणे काढा. तेव्हापासून आपल्या केसेस वाढल्या आणि वही पण जाड झाली.

आता चूक सांगतो. पावसाळ्याच्या आधी एक दिवस हवालदार खोलीवर आले. मी एकटाच होतो. चहा घेतला, बरे बोलले. मग म्हणाले, "अरे, तू बारावी शिकलास, तुला समजतं. वरून माहिती मागितली आहे. जेलमधून सुटलेले लोक कोण कुठे राहतात एवढंच पाहिजे. चांगल्या माणसाला कशाची भीती?" मला वाटले, लपवण्यासारखे आपल्याकडे काय आहे? नाही म्हटले तर संघटना चोर लपवते असे म्हणतील. मी वही पुढे केली. त्यांनी २३ नावे उतरवून घेतली. पाडा, घर, कामाची जागा, सगळे.

दोन-तीन आठवडे गेले. रस्त्याकडच्या एका वाडीतले पाण्याचे इंजिन चोरीला गेले. त्या रात्री जीप चार घरांवर आली. चारही घरे माझ्या वहीतली. एक साथी वीटभट्टीवरून आदल्या दिवशीच परत आला होता. त्याची प्लॉटची केस दोन वर्षांपूर्वीच संपली आहे, कोर्टाने त्याला निर्दोष सोडले आहे. त्याला दोन दिवस बसवून ठेवले. अटकेचा कागद नाही, कुठे सही नाही, घरी कळवले नाही. मग "जा" म्हणून सोडून दिले. इंजिन मिळाले नाही ते नाहीच.

त्याची बायको मला बाजारात भेटली. तिने विचारले, "आमचे घराचा रस्ता त्यांना कोनी दाखवला?" मी मान खाली घातली आणि तिथून निघालो. आज या पानावर उत्तर देतो. बाय, तो रस्ता मी दाखवला.

आता विचार करू. त्या २३ नावांत कोण कोण होते? १४ जण जामिनावर सुटलेले. ६ जण निर्दोष सुटलेले. ३ जण शिक्षा भोगून आलेले. पोलिसांच्या कागदावर मात्र सगळ्यांवर एकच मथळा होता: "जेलमधून सुटलेले". आपण पण बोलताना तसेच बोलतो. "तो जेलवाला." हा शब्द आपणच आधी सोडला पाहिजे, कारण या तीन माणसांत फार फरक आहे.

जो जामिनावर आहे त्याच्यावर अजून गुन्हा शाबीत झालेला नाही. त्याला कोर्टाने ज्या अटी घातल्या त्या त्याने पाळायच्या. आठवड्याची हजेरी लिहिली असेल तर द्यायची. नसेल लिहिली तर हवालदार तोंडाने सांगतात म्हणून हजेरी लागत नाही. म्हणून जामिनाच्या आदेशाची नक्कल घरात पाहिजेच.

जो निर्दोष सुटला त्याच्यावर काहीच राहिलेले नाही. तो आणि गावातला कधी चौकी न बघितलेला माणूस कायद्याला सारखेच.

जो शिक्षा भोगून आला त्याने कोर्टाने सांगितलेली किंमत भरली. त्याच्या बाबतीत कायदा काय म्हणत होता ते नीट ऐका, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या क्रिमिनल प्रोसिजर कोडचे कलम ३५६ होते. सुटल्यावर कुठे राहतो, घर बदलले का, हे कळवत राहण्याचा हुकूम त्या कलमाखाली देता येत होता. पण तो हुकूम कोर्ट द्यायचे, पोलीस देत नव्हते. तो शिक्षा सुनावताना द्यायचा होता. आणि कोणालाही देता येत नव्हता. खोट्या नोटा-नाण्यांचे, माणसाच्या शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे असे ठरावीक गुन्हे, त्यात तीन वर्षे किंवा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला, आणि परत दुसऱ्यांदा तशाच गुन्ह्यात दोषी ठरलेला, असा माणूस लागत होता. मुदत पण होती, शिक्षा संपल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षे. जंगल कायद्याचा गुन्हा त्या यादीत नव्हताच. म्हणजे प्लॉट कसला, लाकूड आणले म्हणून जंगल कायद्याच्या केसमध्ये आत जाऊन आलेल्या माणसाला या कलमाखाली पत्ता कळवत बसायला कोणी सांगू शकत नव्हते.

माझ्या वहीतल्या २३ पैकी एकावर पण असा हुकूम नव्हता. जे काम कायद्याने एवढ्या अटी घालून कोर्टाकडे ठेवले आहे, ते मी एक कप चहावर करून दिले.

आता पोलीस पाटलांबद्दल. आपल्या गावचे पोलीस पाटील आपलेच आहेत. कोणी मामा आहे, कोणी काका आहे. दर महिन्याच्या मीटिंगला त्यांना बोलावतात आणि सगळ्यांसमोर झापतात. या वेळी त्यांच्या हातात पण एक कागद दिला आहे. त्यात रकाने आहेत: नाव, कोणता गुन्हा, कधी सुटला, कोणाकडे राहतो, कामाला कुठे जातो, भेटायला कोण येते. कागदावर सही नाही, शिक्का नाही, जावक नंबर नाही. दोघा-तिघांनी मला तो दाखवला आणि विचारले, "भरावा का नाय?"

काका-मामांनो, पाटलाचे काम कायद्यात लिहिलेले आहे. गावकामगाराने कोणाची खबर द्यायची ते त्यात आहे. चोरीचा माल घेणारा-विकणारा नामचीन माणूस गावात राहतो, दरोडेखोर गावात आला, जेलमधून पळालेला कैदी आला, कोर्टाने फरारी जाहीर केलेला माणूस आला, गावात मोठा गुन्हा झाला किंवा होणार आहे, संशयास्पद मरण झाले, ही खबर द्यायचीच. तिथे शब्द "पळालेला" आहे. "सुटलेला" नाही. पळालेल्याने कायदा मोडला. सुटलेल्याला कायद्यानेच दार उघडून दिले. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यात गावच्या शांततेला बाधा येईल अशी माहिती द्यायला सांगितले आहे ते खरे. पण एक माणूस घरी आला, भात लावायला लागला, यात कोणती शांतता मोडली?

म्हणून पाटलांनी भांडायचे नाही, पण एवढे बोलायचे: "साहेब, मागणी लेखी द्या. कोणत्या कलमाखाली, ते लिहा. मी लेखी उत्तर देतो." पाटील एकटा पडला असे वाटले तर गावाने सोबत जायचे.

कोणी म्हणेल, सरकारला माहिती द्यायला एवढे काय घाबरायचे? पण बघा, शिक्षा कोणाला झाली ते कोर्टात लिहिलेले आहे, जेलमध्ये लिहिलेले आहे, पोलीस स्टेशनला लिहिलेले आहे. ती माहिती सरकारचीच आहे, ती आपल्याकडे मागायला येत नाहीत. आपल्याकडे येऊन विचारतात ते वेगळेच: रात्री कोणाकडे झोपतो, कोणत्या भट्टीवर जातो, कोण भेटायला येते, मीटिंगला येतो का. ही गुन्ह्याची माहिती नाही. ही माणसावर पाळत ठेवायची माहिती आहे. पुढे तिचेच होते चॅप्टर केस, चांगल्या वर्तणुकीचा बाँड, निवडणूक आली की नोटीस, आणि फारच डोळ्यावर आला तर तडीपारी. आणि चोरी झाली की शोधायची मेहनत नको, यादी काढली आणि जीप पाठवली. यात खरा चोर पण सुखात राहतो, त्याचे नाव यादीत नसते.

हे नवीन नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी आणि अशा कितीतरी जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवले. त्यांना हजेरी लावली, गाव सोडायला पास लावला. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट केली. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला, पण हजेरीची सवय गेली नाही. आजपण कुठे चोरी झाली की पहिल्यांदा पारध्याचे पाल तपासतात. आज आपण आपल्या हाताने आपली यादी करून दिली तर उद्या आपल्या पाड्यांचे तेच होईल.

या पाळतीवर कोर्टात लढाई पण झालेली आहे. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा माणूस होता. दरोड्याच्या केसमध्ये त्याला पकडले आणि पुरावा नाही म्हणून सोडले. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्टरी शीट उघडली. रात्री-बेरात्री चौकीदार आणि शिपाई दार ठोकायचे, झोपेतून उठवायचे, तो घरात आहे का बघायचे. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९६२ साली कोर्टाने सांगितले की रात्री असे घरी जाणे घटनेच्या विरुद्ध आहे. बाकीची पाळत कोर्टाने तेव्हा रद्द केली नाही, हे पण खरे सांगितले पाहिजे. म्हणजे आपले काम संपलेले नाही. पण रात्रीच्या दाराबद्दल १९६२ सालचाच निकाल आहे. आपल्या चार घरांना तो कोणी सांगितला नव्हता, मी पण नाही.

इथपर्यंत लिहून संपादकीय संपवता आले असते. पण बैठकीत एका बाय साथीने उठून विचारले, "मंग आमचा काय?" तिचे बोलणे सगळ्यांनी ऐकायला पाहिजे.

तिच्या आईला भुताळी ठरवून मारले होते. पाड्यातल्याच माणसाने. त्याला शिक्षा झाली, ती भोगून तो मागच्या साली परत आला. तो कधी सुटणार ते जेलला माहीत होते. पोलीस स्टेशनला माहीत होते. आपल्या वहीत पण तारीख लिहिलेली होती, कारण त्याचा भाऊ संघटनेत आहे. तिला कोणी सांगितले नाही. ती म्हणाली, "तो आला, त मना कोनी सांगला नाय. इहिरीवर गेलू त एकदम समोर उभा. हंडा तिथंच टाकून पळालू."

बैठकीत कोणी काही बोलले नाही. मला वाटते सगळ्यांत मोठी चूक ही आहे, आणि ती माझ्या एकट्याची नाही. माहिती वर चौकीपर्यंत जात होती, आणि ज्या बाईला तिची खरी गरज होती तिच्या घरापर्यंत आली नाही. आपण आपल्या लोकांना पोलिसांपासून सांभाळतो म्हणतो. मग तिला कोणी सांभाळायचे? सुटलेल्या माणसाला परत जगायचा हक्क आहे, तसा तिला पण न घाबरता पाणी भरायचा हक्क आहे. जो एक हक्क सांगतो आणि दुसरा विसरतो त्याने गावाच्या नावाने बोलू नये.

म्हणून बैठकीत खालीलप्रमाणे ठरले. हे पाड्यापाड्यात वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दोनदा वाचून दाखवा.

१. संघटनेची वही कोणाला दाखवायची नाही, उतरवून द्यायची नाही, तोंडाने सांगायची नाही. ती आता कुलपात आहे. किल्ली दोघांकडे, त्यात एक बाय साथी. वहीत आता कामाची जागा लिहायची नाही.

२. कोणी अधिकारी माहिती मागेल तर लेखी मागणी मागायची. त्यावर नाव, सही, तारीख आणि कलम पाहिजे. ते पत्र गावसभेत वाचायचे आणि उत्तर पण गावसभेतून लेखी द्यायचे. ज्याच्याबद्दल विचारले त्याला ते पत्र आधी दाखवायचे. माणसाच्या पाठीमागे त्याची माहिती जाणार नाही.

३. पळालेला, वॉरंट असलेला, पॅरोल-फर्लोवर येऊन मुदतीत परत न गेलेला, अशा माणसाला लपवायचे नाही. त्याला समजावून वकिलाबरोबर हजर करायचे. लपवणारा पण गुन्ह्यात येतो आणि संघटनेचे नाव खराब होते ते वेगळे.

४. खून, दरोडा असा मोठा गुन्हा झाला किंवा होणार असे कळले तर कळवायचेच. कायद्याप्रमाणे ते प्रत्येकाचे काम आहे, सुटलेला असो की न सुटलेला. गुन्ह्याच्या तपासात साक्षीदार म्हणून विचारले तर खरे सांगायचे. पण स्वतःवर गुन्हा येईल असे उत्तर द्यायची सक्ती नाही.

५. साक्षीदार म्हणून चौकीवर बोलवायचे तर कायद्याने लेखी बोलावणे लागते. बायांना आणि १५ वर्षांच्या आतल्या पोरांना चौकीवर बोलावता येत नाही, त्यांच्या राहत्या घरीच विचारायचे.

६. कोणाला उचलले तर लगेच तिघांनी चौकीवर जायचे. अटकेचा कागद, त्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणे, अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, हे सगळे सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू केसमध्ये १९९६ साली सक्तीचे केले आहे. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलेच पाहिजे. "चौकशीला बसवलाय" असे म्हटले तरी वेळ लिहून ठेवायची.

७. मारहाण, बलात्कार, भुताळीचा प्रकार किंवा खून यात शिक्षा झालेला किंवा जामिनावर असलेला माणूस परत येणार असेल, तर तो येण्याच्या आधी पीडित घराला सांगायचे. हे काम संघटनेचे. दोन बाय साथींनी जाऊन सांगायचे. तिला त्याच पाड्यात भीती वाटत असेल तर गावसभेने पाण्याची वेळ, वाट, बाजार याचा बंदोबस्त करायचा आणि तो सुटलेल्या माणसाच्या तोंडावर सांगायचा. त्याने धमकी दिली तर तक्रार तिच्या नावाने, तिच्या मर्जीने, लेखी द्यायची. संघटना तिच्याबरोबर चौकीवर जाईल, तो माणूस आपला सभासद असला तरी.

सातव्या नियमावर बैठकीत वाद झाला. एक जुने साथी म्हणाले, "आपल्याच माणसाविरुद्ध चौकीवर जायचं?" मग दुसरे म्हणाले, "ती पण आपलीच नाही का?" तिथे वाद संपला.

आणखी एक गोष्ट. सुटून आलेल्या माणसाला पाड्यात काम मिळत नाही, लग्नाला बोलावत नाहीत, पोरांना "जेलवाल्याची" म्हणतात. मग तो दूर भट्टीवर जातो, तिकडे कोणाच्या पण नादाला लागतो, आणि पोलिसांचे म्हणणे खरे झाले असे दिसते. माणूस परत आला तर आवणीला त्याला बोलवा. प्लॉटच्या पंचनाम्याला उभा करा. त्याचे नाव दावेदारांच्या यादीत आहे का ते बघा. आत असताना ज्यांचे दावे राहून गेले त्यांचे अर्ज भरायला खोलीवर पाठवा. एखादा माणूस सरळ राहतो की नाही याची खबर ठेवायची असेल तर सगळ्यांत चांगली जागा त्याच्या बांधावर त्याच्याबरोबर काम करायची आहे.

मी त्या चारही घरी जाऊन आलो. तीन घरांनी चहा दिला. चौथ्या घरी त्या बायने उभ्या उभ्याच ऐकून घेतले. म्हणाली, "बरा झाला सांगलास. आता दुसऱ्याचा घर दाखवू नको." मी हो म्हणालो आहे. या पानावर परत म्हणतो, म्हणजे कोणी पण मला धरून विचारू शकेल.

पुढच्या गावसभेत हे सात नियम मांडा. कमी-जास्त करायचे असेल तर करा, पण ठराव वहीत लिहा आणि अंगठे-सह्या घ्या. नक्कल संघटनेच्या खोलीवर पोचवा. कोणाकडे तो बिनसहीचा कागद आला असेल तर फाडू नका, जपून ठेवा आणि घेऊन या. त्याच्यावर आपल्याला वर लेखी विचारायचे आहे.

जोहार!